परीक्षेतला पेशंट

पेशंटवर विश्वास ठेवणं हा वैद्यकशास्त्राचा पाया आहे. परीक्षेतल्या पेशंटवर मात्र तो ठेवू नये. डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेली ती हे पक्कं शिकली होती. तिने छातीवर डावीकडे स्टेथोस्कोप टेकवताच खाटेवरचे आजोबा कुजबुजले, “उजवीकडे लाव, पोरी. माझं हृदय तिकडे आहे.” तिने त्यांना निरखलं. उशाशी चहाचा कप, परीक्षकांशी जुनी ओळख. म्हणजे माणूस त्यांचाच. “आजोबा, मला गंडवू नका.” ठोके फार लांबून येत होते, पण स्टेथोस्कोप वर्गात पहिल्या येणाऱ्या मैत्रिणीने दिलेला होता; तिने मुद्दाम बिघडलेला दिला असणार, म्हणून संशय त्याच्यावरच गेला. परीक्षक आले. “हृदय कुठे सापडलं?” “डावीकडे, सर. सगळ्यांचं असतं तिथेच.” आजोबा हळहळले, “मी दरवर्षी सांगतो हो साहेब, कुणाला खरंच वाटत नाही.” सहा महिन्यांनी ती तिसऱ्यांदा बसली, तेव्हाही आजोबांचं हृदय उजवीकडेच होतं.