मास्तरचं मत

“सगळं देखणं आहे हो. पण गोष्ट कुठेय?” मागच्या रांगेतल्या वयस्कर बाई म्हणाल्या आणि माइक शेजारणीच्या हातात देऊन खाली बसल्या.

छापखानेवाला मंचावर बसून प्रेक्षकांची मतं टिपून घेत होता. त्याचं पेन थांबलं. नेमका हाच प्रश्न त्याने एकतीस वर्षांपूर्वी ऐकला होता. याच हॉलच्या पायऱ्यांवर, याच इटालियन भयपटाबद्दल.

फिल्म क्लबने तो सिनेमा पुन्हा आणला होता. लिफ्टमधला हिरवा उजेड, संगमरवरी जिन्यावरून टपटप उतरणारे मोती, काळे हातमोजे घातलेला खुनी. एक नर्स म्हणाली, “रक्त असं नसतं. असं असतं तर आमची ड्यूटी जरा सुखाची झाली असती.” हॉल हसला. एका इलेक्ट्रिशियनला कळत नव्हतं, की गल्लीत एकही दिवा नसताना त्या बाईच्या तोंडावर निळा उजेड येतो कुठून. “वायरिंग कुणी केलंय ते विचारून सांगा,” तो म्हणाला.

छापखानेवाला मात्र हसला नाही. आज शेवटचा अर्धा तास त्याने चक्क घड्याळ बघत काढला होता. खुनी कोण हे कळलं, पण त्याने खून का केले हे शेवटपर्यंत धड कळलं नव्हतं. म्हणजे मास्तरचं बरोबर होतं.

मास्तर त्याचा जिवलग मित्र. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि रोज संध्याकाळी छापखान्यात येऊन बसायचा. त्या वेळी तो सिनेमा क्लबमध्ये आणायला छापखानेवाल्याने सहा महिने पत्रव्यवहार केला होता. खेळाला त्याची धाकटी बहीण तेवढी आली नव्हती. “मला रक्त बघवत नाही,” म्हणून ती घरीच राहिली.

त्या दुपारी मध्यंतरातच अर्धा हॉल उठून गेला. खेळ संपल्यावर कमिटीच्या लोकांनी पायऱ्यांवरच त्याला घेरलं. “असलं घाणेरडं दाखवायला क्लब काढलाय का?” छापखानेवाला रडकुंडीला आला. तेवढ्यात त्याला गर्दीच्या कडेला मास्तर दिसला. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. त्याने मास्तरला हाताला धरून पुढे ओढलं.

“हा चित्रकार आहे. याला विचारा. सांग रे यांना, कसा वाटला?”

मास्तर गडबडला. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

“नुसते रंग,” तो कसाबसा म्हणाला. “गोष्ट कुठेय?”

कमिटी खो खो हसली. छापखानेवाल्याच्या मस्तकात तिडीक गेली. “माझ्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस,” तो सगळ्यांदेखत ओरडला.

तेवढ्यावर तो थांबला नाही. क्लबच्या मासिक पत्रकात त्याने मास्तरची यथेच्छ टिंगल केली. चित्रकलेच्या शिक्षकाला रंगच खुपतात, असं लिहिलं. प्रुफं नेहमीप्रमाणे धाकटीने वाचली. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, कागद टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. पुढच्या सत्रात मास्तरने बदली मागून घेतली.

निवृत्तीनंतर तो याच शहरात आपल्या मुलीकडे राहायला आल्याला आता वर्ष झालं होतं. छापखानेवाल्याला ते माहीत होतं. पण पाऊल उचलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बस बदलून तो गेला. दार मुलीने उघडलं. मास्तर खिडकीशी बसला होता. केस सगळे पांढरे.

“काल तो सिनेमा पुन्हा पाहिला,” छापखानेवाला म्हणाला. “तुझंच खरं होतं. माफी मागायला आलोय.”

“अरे, नाही नाही.” मास्तर घाईने म्हणाला. “तुझंच खरं. चांगला होता सिनेमा. त्या दिवशी मी नीट बोलायला हवं होतं.”

“तू बरोबरच बोललास.”

“कुठलं! जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही.”

“बरं, मग आवडलं काय तुला त्यातलं?”

मास्तरने चष्मा काढला, पुसला. “आता काय आठवणार? वय झालं.”

मुलीने चहा आणून ठेवला. मास्तरने कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. “घरी कोण कोण असतं?”

“मी आणि धाकटी. आई-वडील गेल्यापासून दोघंच. तिने लग्न केलं नाही. दोन स्थळं आणली होती मी, तिने ती बघितलीसुद्धा नाहीत.”

मास्तरने तोंड खिडकीकडे फिरवलं. चहा निवून गेला. निघताना छापखानेवाल्याने त्याला मिठी मारली.

घरी आला तेव्हा धाकटी टेबलाशी प्रुफं वाचत होती. साठी उलटली होती तिची, तरी पेन्सिलीला टोक तसंच अणकुचीदार.

“जाऊन आलो मास्तरकडे,” तो म्हणाला.

पेन्सिल थांबली. “काय म्हणाला?”

“मी म्हणतो तुझं खरं, तो म्हणतो तुझं खरं. दोघे म्हातारे एकमेकांची माफी मागत बसलो.” त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. “एका फालतू सिनेमापायी एवढा मित्र घालवला गं मी. आणि गंमत बघ, त्यातला एक प्रसंग त्याला सांगता येईना. म्हणाला, वय झालं.”

धाकटीने चष्मा काढून प्रुफांवर ठेवला.

“वयाचं काही नाही, दादा. तो हॉलमध्ये नव्हताच. ती सगळी दुपार तो इथे माझ्यासमोर बसला होता, आणि मी हो म्हटल्यावर तुझ्याकडे मला मागणी घालायला म्हणून त्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला होता.”