पुसट हात

संग्रहालयाने जुने फोटो साफ करायला आमच्या स्टुडिओत पाठवले. सगळे एकाच तऱ्हेचे: परमुलखातल्या लढाईला निघालेलं जहाज, कठड्याशी दाटीवाटीने उभे शिपाई, वर केलेले हात. चेहरे स्पष्ट होते, हात मात्र पुसट.

"तेव्हाचे कॅमेरे सावकाश टिपायचे," मालक म्हणाले. "जे हललं ते पुसट. डाग समजून खोडून टाकू नकोस, बाई. निरोप घेतायत ती माणसं."

मी फक्त धूळ काढत गेले.

एका सकाळी एका फोटोतल्या शिपायाचा हात स्पष्ट दिसला. बोटं, अंगठी, सगळं. मी मालकांना बोलावलं.

"छान साफ केलास."

"काल हा पुसट होता. मी ब्रशसुद्धा टेकवलेला नाही."

मालकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

मग शेजारच्याचा हात स्पष्ट झाला. मग सगळी रांग. आता जहाजावर कुणीच हात हलवत नाही, सगळे नुसते वर धरून उभे आहेत. सवय होते. मी धूळ काढत राहिले.

आज डबा खाताना मोबाइल काढला. मागच्या महिन्यात माझा धाकटा मुलगा पलटणीबरोबर बोटीने गेला, तेव्हा धक्क्यावरून घाईत एक फोटो घेतला होता. तो इतका हात हलवत होता की हाताच्या जागी नुसता फराटा आला होता.

मी फोटो मोठा केला.

निघण्याआधी नखं काप म्हणून त्याच्या मागे लागले होते. कापली आहेत.