पांढरा ठिपका

अंगणातल्या ट्रकखाली उताणा पडून नवरा कमानपाट्यांचे बोल्ट आवळत होता आणि एकेकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देत होता. दोनच राहिले, तेवढ्यात तो जेवायला उठला. त्याची पाठ धरलेली, पुन्हा कशाला वाकायला लावायचं, म्हणून बाळ झोपताच तीच खाली शिरली आणि उरलेल्या दोन्ही बोल्टांवर सुबक ठिपके काढून आली.

"झालं की सगळं! मीच विसरलो," ठिपके बघून तो हसला आणि ट्रक घेऊन घाट उतरायला निघाला.

"आई, लोखंडाला एवढं नटवायचं कशाला हो?" तिने सासूला विचारलं.

"नटवणं कसलं! घट्ट आवळून झाल्याची खूण ती."



तिने नवऱ्याला फोन लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली, आणि तिच्या बोटांवरचा पांढरा रंग अजून वाळलाही नव्हता.