परतीची तार

खट्. जेटीवरच्या विजेच्या पेटीतला खटका सकाळपासून चौथ्यांदा पडला आणि रांगेतल्या सगळ्या बोटी एकदम गप्प झाल्या.

म्हातारे मिस्त्री उलट्या बादलीवर बसून होते. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी रजा घेतली, तेव्हापासून टेस्टर सुनेच्या हातात गेला होता. देवानं कान मात्र शाबूत ठेवले होते. आजही जेटीवर येताना हत्यारांची पिशवी सुनेनं उचलली होती आणि मिस्त्री कठडा चाचपत, मोकळ्या हातानं पुढं चालले होते. दिसो न दिसो, धंद्याची रीत ती रीत. पिशवी हाताखालच्यानं उचलायची.

बोटवाली बाई रागावली होती सुनेवर आणि ऐकवत होती मिस्त्रींना. तुमच्या वायरिंगला वीस वर्षांत कुणाला हात लावावा लागला नाही, गेल्या आठवड्यात हिनं एक सॉकेट काय बदललं, आणि हे सुरू झालं. जेटीच्या मुकादमानं तर निर्वाणीचं सांगितलं होतं, दुपारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर तुमच्या बोटीची केबलच काढून टाकतो.

"सुनेचं कौतुक घरात करावं, मिस्त्री," बाई म्हणाली. "लोकांच्या बोटीवर नाही."

मिस्त्रींनी ते गिळलं. खाली बोटीत पॅनेलपाशी सून एकेका वस्तूचं नाव घेत होती. फ्रिज लावला. खट्. फ्रिज काढून पंखा लावला. खट्. मग पंप. खट्. दर वेळी मुकादम पुटपुटत खटका वर करत होता. सगळं बंद असलं की तो टिकत होता, काहीही एक लावलं की पडत होता. तीन वस्तू काय संगनमत करून एकाच दिवशी बिघडतात?

"पोरी, आपला दिवा लाव," मिस्त्रींनी हाक दिली.

पिशवीतला तपासणीचा दिवा कालच घरी पेटवून पाहिलेला होता. तिनं तो लावला.

खट्.

मिस्त्रींना उमगलं. दोष कुठल्याच वस्तूत नव्हता, सॉकेटमध्येही नव्हता. दोष मुळाशी होता. जेटीवरची ही पेटी नवी, आठ दिवसांपूर्वी बसवलेली. जेवढी वीज बोटीत गेली, तेवढीच परतीच्या तारेनं मागं आली पाहिजे, थोडी जरी दुसऱ्या वाटेनं पळाली तरी ही खटका पाडणार. जुन्या पेटीला एवढी अक्कल नव्हती. आणि वीस वर्षांपूर्वी या बोटीचं वायरिंग करताना, जनरेटर चालवताना जोडी लागते म्हणून परतीची तार आणि अर्थिंगची तार पॅनेलच्या मागं एकत्र बांधली होती ती कुणी? जेटीवरून वीज घेताना ती जोडी सुटायला हवी. त्यासाठी एक स्विच बसवायचा होता. उद्या बसवू, असं कुणी म्हटलं होतं?

मेणाच्या दोऱ्यानं बांधलं होतं ते. तीन वेढे आणि उलटी गाठ. तशी गाठ मारणारी जगात दोनच माणसं, आणि त्यातलं दुसरं आत्ता त्या पॅनेलसमोर बसलं होतं.

सुनेनं मुकादमाला केबल काढायला सांगितली. झाकणाचे स्क्रू निघाले. मग कात्री वाजली, एकदाच.

केबल पुन्हा लागली. फ्रिज गुरगुरला, पंखा फिरला, पंपानं पाणी ओढलं. खटका जागचा हलला नाही. शेजारच्या बोटीवरचा रेडिओ अर्ध्या वाक्यापासून बोलू लागला.

सून हात पुसत वर आली.

"काय होतं?" बाईनं विचारलं.

"मी बदललेलं सॉकेट," सून म्हणाली. "तार नीट बसली नव्हती. माझीच चूक."

"तरी मी म्हणतच होते."

मिस्त्री बादलीवरून उठले. त्यांनी या पोरीला वीज शिकवली होती, गाठ शिकवली होती. हे मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं.

"दे इकडं," त्यांनी तळहात पुढं केला.

"काय, बाबा?"

"मुठीत आहे ते. कापलेला तुकडा तू कुठं टाकणार नाहीस, मला ठाऊक आहे."

तळहातावर दोऱ्याचा तुकडा आला. मिस्त्रींनी अंगठ्यानं चाचपला. तीन वेढे, उलटी गाठ.

"सॉकेट चांगलं आहे, बाई. चूक ही. वीस वर्षांची आणि माझी. हिनं शोधली, आणि माझं नाव राखायला स्वतःवर घेतली. काम येतं हिला. खोटं बोलायला मात्र येत नाही."

बाईनं बोटीच्या शिडीकडं पाहिलं. "म्हणजे ओल्या पायानं शिडी चढताना मुंग्या यायच्या, त्या..."

"त्याही माझ्याच. तेव्हा मी तुम्हाला हसलो होतो."

बाईनं सुनेकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं. राहिलेला स्विच उद्या बसवू, तोवर जनरेटर लावू नका, एवढं सुनेनं हळूच सांगितलं.

"मग उद्या बोलावू कुणाला?" बाईनं विचारलं. आवाज उतरला होता.

"मिस्त्रीला," म्हातारा म्हणाला.

तो खाली वाकला, फळ्यांवर हात फिरवत पिशवी शोधली आणि खांद्याला अडकवली. सून घ्यायला पुढं झाली.

"हं. तू हो पुढं."

ती निघाली. तिची पावलं चार फळ्या पुढं वाजू दिली, आणि मग मान ताठ करून तो मागून चालू लागला.