फक्कीचं दार

"हे वाचनालय," सरपंचबाई म्हणाल्या. गावानं माळावर पांढऱ्या फक्कीनं मोठा चौकोन आखला होता. एका बाजूला रेघ मुद्दाम तोडली होती. "आणि हे दार."

विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी जागा बघायला समिती आली होती, दोन सर आणि एक मॅडम. खरं तर जागा गेल्याच आठवड्यात ठरली होती, हमरस्त्याला लागून, इथून फार लांब. आजची पाहणी नियमापुरती. गावाला ते ठाऊक नव्हतं.

सरपंचबाईंनी लेकीला पुढं केलं. "हिची बारावी झाली, मॅडम. स्थळ आलंय. हिचे वडील म्हणतात, विद्यापीठ इथं झालं तर शिकू दे, नाहीतर उरकून टाकू."

"इथंच होईल ना, मॅडम?" लेकीनं विचारलं.

(नाही.)

"जागा छान आहे."

(आत्ताच सांगून टाक.)

"हवाही छान आहे."

"हवा काय, फुकटचीच आहे," सरपंचबाई हसल्या.

हॉर्न वाजला. दोन्ही सर फक्की तुडवत गाडीकडे निघाले. मॅडमचा पाय रेघेपाशी अडला. निदान एवढं तरी आपल्या पायानं मोडायला नको, म्हणून त्या मागं वळल्या आणि वळसा घालून तुटलेल्या रेघेतून बाहेर पडल्या.

गाडीत बसताना त्यांना मागून लेकीचा आवाज ऐकू आला.

"आई, बघितलंस? मॅडम दारातनं गेल्या. म्हणजे इथंच होणार."