बत्तीस गुणांचा प्रोग्राम

"आता हात लावू नका, बाबा," असं सासऱ्यांना बजावून मी चहा टाकायला गेले. घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस मी महिन्यात तिसऱ्यांदा साफ केला होता.

परत आले, तर बागेतल्या मित्राकडून आणलेला पेन ड्राइव्ह लावून बाबा त्यातला फुकटचा कुंडलीचा प्रोग्राम पुन्हा भरत होते.

"अहो बाबा, व्हायरस यातूनच येतोय!"

"मग नवा अँटिव्हायरस टाकायला मुहूर्त कशात बघू?"

"तो प्रोग्राम काढावाच लागेल."

बाबा दुखावले. "यानंच तुम्हा नवराबायकोचे बत्तीस गुण जुळवले. त्याच्यावरच संशय?"

मी पेन ड्राइव्हकडे हात नेला.

शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "अकरा जुळत होते."

"काय?" बाबा ओरडले.

"पोरगी मला आवडली होती. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा बत्तीस येईपर्यंत मी तिची जन्मवेळ बदलत बसले."

बाबांनी चष्मा पुसला, कीबोर्ड जवळ ओढला आणि मला माझी खरी जन्मवेळ विचारली.

"सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "आधी तो प्रोग्राम काढून टाक."