फुमिएचं टोपणनाव

क्योतोमधली व्हिडिओ गेम बनवणारी ती कंपनी बंद झाल्याचं पेपरात आलं, त्याच दिवशी हामासाकी काजिवाराच्या घरी आला. काजिवाराची दिवंगत बायको फुमिए वीस वर्षं तिथे हामासाकीच्या शेजारी बसून काम करायची.

"दुसरे आमची माणसं पळवतील म्हणून कंपनी गेममध्ये बनवणाऱ्यांची खरी नावं घालू द्यायची नाही," हामासाकी म्हणाला. "फुमिए-साननी घेतलेलं टोपणनाव गेम जिंकल्यावरच दिसतं."

"काय होतं? सांग की."

"नाही सांगणार. 'आमच्या ह्यांनी माझा एकही गेम खेळला नाही,' म्हणायच्या. खेळा आता."

दोन वर्षांनी काजिवारा तिच्या गेमच्या शेवटच्या टप्प्यावर अडकला. त्यानं हामासाकीला फोन लावला.

"हा टप्पा कुणा दुष्टानं बनवलाय रे?"

"फुमिए-साननी."

 

तेव्हापासून काजिवारा रोज सकाळी बायकोकडून हरतो. नाव वाचायचं अजून राहिलंय.